तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरची दुसरी तार

दादा, तू गेलास त्याला अजून महिनाही झाला नाही आणि मी तुझ्यावर चिडले आहे. हे कोणाला सांगता येत नाही. भेटायला येणारे सगळे विचारतात, झोप लागते का, नीट जेवतेस का, आणि मी मान हलवते. त्यांना काय सांगू, की परवा दुपारभर मी तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कपाटामागे पाय दुमडून बसले होते, केसांत जळमटं अडकली होती आणि तुझ्या नावाने एकटीच बडबडत होते. वहिनीला सांभाळायला येणारी सविताबेन दोनदा डोकावून गेली. तिला वाटलं मी रडते आहे. मी विचारत होते, की आयुष्यभर नंदेसरीच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळलेल्या माणसाने दोन आउटपुट एकमेकांना असे थेट कसे जोडले.

तुझं उत्तर मला पाठ आहे. ‘चालशे, सुमे.’ बडोद्यात तीन पिढ्या काढून आपल्या घराने गुजरातीतून जे काही उचललं, त्यातला ‘चालेल’साठीचा हा एकच शब्द तू मनापासून वापरलास. गळकी टाकी, चालशे. एका बाजूने दिसणारा चष्मा, चालशे. आणि ती केबल.

तो अ‍ॅम्प्लिफायर तू नोकरीच्या सुरुवातीच्या काळात घरी बांधलास. काळ्या पत्र्याचा जड डबा, समोर एक बटण आणि मागे दोन भोकं, एक डाव्या बाजूचं, एक उजव्या. आलेला आवाज मोठा करायचा, एवढंच त्याला कळतं. कोणाचा आवाज घ्यायचा आणि किती घ्यायचा हे ठरवायला त्याच्याआधी दुसरा एक डबा होता. तो एका उन्हाळ्यात जळाला आणि तू पुन्हा बांधला नाहीस. रेकॉर्ड प्लेअरची तार एका छोट्या डबीतून, एका गोल बटणातून, सरळ पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला गेली. एक तबकडी, एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर. तेव्हा माझं काहीच म्हणणं नव्हतं. रविवारी कारेलीबागेतून स्कूटरवर तुझ्याकडे यायचं, जिना चढतानाच भीमपलास ऐकू यायचा, वहिनी स्वयंपाकघरातून त्याच्यामागे गुणगुणत असायची. ती काही शिकलेली नव्हती, सुरात असेलच असंही नाही. पोळ्या लाटताना नाकातल्या नाकात चालायचं.

मग वहिनीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं असं झालं, की शब्द तिला माहीत असतो पण तोंडाशी येईपर्यंत दुसराच होतो. चमच्याला ती किल्ली म्हणायची, मग स्वतःवरच वैतागायची. तू तिचा पलंग आतल्या खोलीत हलवलास. सविताबेन सकाळी यायची, दुपारी स्वतःच्या घरी जाऊन जेवून चारच्या सुमारास परतायची. त्या मधल्या वेळात घरात तुम्ही दोघंच.

त्याच वेळात ती पडली. एकटीने उठून न्हाणीघरात जायला निघाली आणि पलंगाच्या कडेलाच कोसळली. तू बाहेर तबकडी लावून बसला होतास. तुझे कान कंप्रेसरच्या घरघरीत निम्मे गेलेले, त्यात स्पीकर मोठे, त्यात तिचा आवाज दारापर्यंतही न पोचणारा. तबकडीची बाजू संपली, तू ती उलटायला उठलास, तेव्हा तुला काहीतरी ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी आले तर तिच्या कोपरावर काळंनिळं झालं होतं. मी विचारलं तर ती म्हणाली, ‘पडले. गाणं चालू होतं.’ तू तिथेच उभा होतास. पायात चपला अडकवल्या आणि बाजारात गेलास, आणि संध्याकाळी माइक आणि त्याची बटण असलेली छोटी डबी घेऊन आलास.

त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. नंतरची चार वर्षं आपण बोललो ते फक्त केबलबद्दल.

माइक तू तिच्या उशाशी भिंतीवर लावलास. त्याची तार दारावरून, भिंतीच्या कडेने, हॉलमध्ये आणलीस. आता अ‍ॅम्प्लिफायरला द्यायच्या गोष्टी दोन झाल्या आणि भोकांची जोडी एकच. तू बाजारातून दोनाची एक करणारी केबल आणलीस, इंग्रजी वाय अक्षरासारखी, एका फाट्यात रेकॉर्ड प्लेअर, दुसऱ्यात माइक, आणि बुडखा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. झालं काम. मी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मी शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, दादा. मी तुला सांगितलं की हेडफोनसाठी एकाचे दोन फाटे करणं वेगळं आणि दोन ठिकाणचं एकत्र आणणं वेगळं. दोन्ही डब्यांचं तोंड बाहेर ढकलणारं आहे. एकमेकांना जोडलेस तर ते अ‍ॅम्प्लिफायरला ऐकवायच्या आधी एकमेकांतच ढकलत बसतात. दोघांचाही आवाज पडतो, आणि पडलेला आवाज फाटतो. मी म्हटलं, एक साधा खटका लाव, इकडे केला की रेकॉर्ड, तिकडे केला की माइक. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं तू पहिल्या दिवशी काही न कळणाऱ्या अ‍ॅप्रेंटिसकडे पाहत असशील. रेकॉर्डवर खटका असताना ती पडली तर काय, एवढंच म्हणालास. ते बरोबर होतं, म्हणून मी खटका सोडला.

मग मी म्हटलं, दोन्ही एका वेळी हवेत ना, मिक्सर घे, छोटासा मिळतो. तू म्हणालास त्याने गाण्यात खरखर येते. मी म्हटलं, तुझ्या कानाला खरखर ऐकू येते आणि वहिनी ऐकू येत नाही का. तू दोन दिवस माझा फोन घेतला नाहीस. मग मी म्हटलं, निदान प्रत्येक फाट्यात एकेक रेझिस्टर घाल, म्हणजे दोन्ही डबे एकमेकांपासून जरा अंतर राखून राहतील. तू म्हणालास त्याने आवाज कमी होतो. अरे, आधीच कमी झालाय, म्हणून तर तू माइकचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवलं आहेस. चालशे, सुमे.

आणि श्रवणयंत्र. तुझ्या लेकीने, मुग्धाने, तुला अहमदाबादला नेऊन चांगलं तपासून बनवून दिलं. तू ते एक सकाळ घातलंस, सारंगी पत्र्याची वाटते म्हणालास आणि खणात ठेवून दिलंस. ते यंत्र कानात असतं तर भिंतीवरून तारा न्यायची गरजच नव्हती, हे मी बोलले की तू दुसऱ्या विषयावर जायचास. तुझ्या एका सारंगीसाठी आम्ही सगळे त्या तारेखालून ये-जा करत राहिलो.

माइकचं बटण पिळलेलं, म्हणून तिच्या खोलीतलं सगळंच हॉलमध्ये यायचं. पंखा. सविताबेनच्या बांगड्या. ग्लास ठेवल्याचा आवाज, कोणी टाळी वाजवावी तसा. तुझे कारखान्यातले जुने साहेब एकदा भेटायला आले होते. तू त्यांना सोफ्यावर बसवलंस, खाखरे आणि चिवडा आणला, ते निवृत्तीनंतरच्या योगासनांबद्दल सांगत सुटले. आणि दोन्ही स्पीकरमधून, डावीकडून आणि उजवीकडून, वहिनीचा सावकाश आवाज आला. ती सविताबेनला विचारत होती की हा माणूस कधी जाणार. सविताबेनही तशीच, तिने गुजरातीत उत्तर दिलं की अजून चहा व्हायचा आहे. साहेबांचा हात बशीवर थांबला. मला जमिनीत जावंसं वाटलं. आणि तू, दादा, तू साहेबांकडे वळून अभिमानाने म्हणालास, ‘बघा, शब्दन् शब्द कळतो.’

घरी जाताना मी स्कूटरवर हसत होते, हे मान्य करते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे पाहत होता.

पण एका गोष्टीचं हसू आलं नाही. माइक एवढा मोठा करून ठेवला की हॉलमधलं गाणं तिच्या दारातून आत जायचं, माइक ते उचलायचा, परत स्पीकरला द्यायचा, आणि ती कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू व्हायची. त्यावरही तू उपाय काढलास. सविताबेन वहिनीला बा म्हणते, तिला सांगितलंस, बाच्या खोलीचं दार बंद ठेवायचं. दुपारी तू बाहेर बसून मारवा ऐकायचास आणि ती आत बंद दारामागे छताकडे पाहत पडायची. तुला तिचं सगळं ऐकू येत होतं. तिला तुझं गाणं नीट ऐकू येणं बंद झालं. हे मी तुला दोनदा बोलले. तू म्हणालास, तिला आता आवाजाचा त्रास होतो. हे तू तिला विचारलं होतंस का, असं मी विचारायला हवं होतं. मी परत रेझिस्टरवर गेले.

तू कोसळलास त्या दुपारी काय झालं हे सविताबेनकडून कळलं. ती त्या दिवशी लवकर परतली, हातात भाजी होती, पहिला मजला चढली होती आणि तिला वरून वहिनी ऐकू आली. ‘बानो अवाज छेक दादरमां आवतो हतो,’ ती मला अजून सांगते, बाचा आवाज पार जिन्यात येत होता, आणि सांगताना जिन्याकडे बोट करते. वहिनीला बाहेर काहीतरी पडल्याचं ऐकू आलं होतं. तबकडी संपलेली होती. तिने तुला हाक मारली, मग सविताला, मग नुसतीच हाका मारत राहिली. तिचा खरा आवाज तिच्या दाराबाहेरही गेला नसता. स्पीकरमधून तो फाटत, चिरकत, तुझ्या त्या चुकीच्या जोडणीतून निम्मा होऊन, तरी जिन्यापर्यंत पोचला. सविताबेनने भाजी पायरीवरच टाकली आणि धावली. तू खुर्चीच्या पुढ्यात आडवा होतास. शेजाऱ्यांनी उचलून गाडीत घातलं.

म्हणून तू इस्पितळात जिवंत पोचलास. म्हणून मुग्धा अहमदाबादहून येईपर्यंत होतास, तिचा हात धरलास, तिच्या मुलाच्या परीक्षेचं विचारलंस. ती वायरिंग नसती तर सविताबेनने आधी शांतपणे स्वयंपाकघरात जाऊन भाजी ठेवली असती. हे तुला सांगायचं होतं. चार वर्षं मी जिला नावं ठेवली ती तार शेवटी तुझ्याच कामी आली, हे मी तोंडाने म्हणायला तयार होते, आणि माझ्याकडून असं काही ऐकायची तू किती वाट पाहत होतास हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला आत सोडलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तू बोट वर केलंस, कानाला लावलंस, मग भिंतीला काहीतरी टांगल्यासारखं केलंस. मला कळलं. मी म्हटलं, ‘अरे मुग्धा वहिनीच्याच खोलीत झोपते, माइक कशाला हवाय आता?’

तू डोळे मिटून मान फिरवलीस. तो माझ्यावरचा वैताग होता, मी तो चाळीस-पन्नास वर्षं ओळखते. मी मनात म्हटलं, उद्या सांगेन. जिन्याचं उद्या सांगेन. पहाटे फोन आला.

आता मला सांग, शेवटचं बोलणं म्हणून कोणी हे ठेवतं का. लोकांची माणसं जाताना आशीर्वाद देतात, सांभाळा म्हणतात. तू मला माइक चालू आहे का विचारलंस आणि माझ्यावर चिडून गेलास.

नंतरचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. हॉलमध्ये सतरंज्या, पायऱ्यांवर चपला, आळीपाळीने येणारे डबे. आत जाऊन वहिनीला भेटून आलेली प्रत्येक बाई बाहेर येऊन तेच म्हणायची, किती खंबीर आहे, डोळ्यांत पाणी नाही. मीही तसंच समजले. मला वाटलं आजाराने तिचं रडणंही नेलं असेल. तेराव्यानंतर मुग्धाने विषय काढला. ती म्हणाली, आई, आता माझ्याकडे चल. वहिनीने मान हलवली, नाही. मुग्धाने पुन्हा विचारलं, मग कारणं दिली, मग रडली. वहिनी नाहीच म्हणत राहिली. शेवटी ठरलं की माझं घर मी बंद करते आणि इथे राहायला येते, मला तरी तिथे कोण आहे. मुग्धा जाताना मला दारात घट्ट धरून म्हणाली, आत्या, तिची हाक कायम कोणाला तरी ऐकू आली पाहिजे, एवढं बघ. मी हो म्हटलं.

म्हणून परवा मी कपाटामागे बसले होते. आता ते नीट करायचं ठरवलं होतं. तुझ्या मागे, तुझा विरोध नसताना. त्याचंही वाईट वाटत होतं.

माइक काढून बघावा म्हणून मी तिच्या खोलीत स्टूल नेलं. मी वर हात घातला तर ती म्हणाली, ‘काढ.’ मी विचारलं काय काढू. तिला शब्द सापडेना. तिने डाव्या हाताने भिंतीकडे दाखवलं आणि म्हणाली, ‘कान. त्यांचा कान काढ.’

मी म्हटलं, अगं काढत नाही, दुरुस्त करते, तुझी हाक मला ऐकू यायला हवी ना. ती जोरजोरात मान हलवायला लागली. मी स्टूलवरून उतरले, तिच्याजवळ बसले. तिला वेळ दिला की ती बोलते, हे तुला ठाऊक होतं. घाई केली की अडकते. मग ती म्हणाली, ‘रडता येत नाही.’ आणि हॉलकडे बोट केलं. ‘सगळे ऐकतात.’

दादा, तो माइक चालूच होता. तू गेलास त्या दिवसापासून कोणी तो बंद केला नव्हता, आणि चार वर्षांच्या सवयीने त्यातून येणाऱ्या आवाजांकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं. बाहेर सतरंजीवर माणसं बसलेली, आणि आत तिला माहीत होतं की तिने हुंदका दिला तर तो दोन मोठ्या स्पीकरमधून त्यांच्या मधोमध येऊन पडेल. म्हणून ती गप्प राहिली. आम्ही तिला खंबीर म्हणत होतो.

मग ते सगळंच बाहेर आलं, तुकड्यातुकड्यांनी, चुकीच्या शब्दांवरून बरोबर शब्दांवर येत. की तू असतानाही तसंच होतं. तिला कण्हता यायचं नाही, कारण ती कण्हली की तू तबकडी थांबवून धावत यायचास. तुझं गाणं मोडू नये म्हणून ती दुखणं गिळायची. सविताबेनशी मनातलं बोलता यायचं नाही. साहेब आले त्या दिवशी ती विसरली होती, आणि नंतर तिला इतकी लाज वाटली की आठवडाभर ती कुजबुजतच बोलली. मी विचारलं, मग त्याला सांगितलं का नाहीस. म्हणाली, ‘ते... घाबरलेले.’

मला त्या क्षणी तुम्हा दोघांचा इतका राग आला. ती पडली त्या दिवशी तू घाबरलास, ते तू बोलला नाहीस, बाजारात गेलास. तिला ते कळलं, ते ती बोलली नाही, भिंतीवर माइक लावू दिला. तू तिच्यासाठी गाणं अर्धवट ऐकत राहिलास आणि ती तुझ्यासाठी अर्धवट कण्हत राहिली, चार वर्षं, एका दाराच्या दोन बाजूंना. आणि मी मधे बसून तुला आउटपुट शिकवत होते.

मी जाऊन केबलमधून माइकचा फाटा उपटला. तिच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सविताबेनला घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली नागरवाड्याचा नेहमीचा गोंधळ, स्कूटरी, भंगारवाल्याची हाक. आत काय झालं ते मला ऐकू आलं नाही. खूप वेळाने दार उघडलं तर तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा सैल झाला होता. तिने पाणी मागितलं, शब्द पहिल्या झटक्यात बरोबर आला.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, गाणं लाव. दार उघडं ठेव.

मी तुझ्या खुर्चीत बसले. मारवा लावला. दुसरा काही आवाज जोडलेला नसल्यावर तुझा तो काळा डबा काय वाजतो, हे मी विसरलेच होते. किती स्वच्छ बांधला होतास तू तो. तानपुऱ्याची एकेक तार वेगळी ऐकू येत होती. आणि मला ऐकता येईना. दर थोड्या वेळाने वाटायचं, ती हलली का, काही म्हणाली का, पलंगाच्या कडेला तर आली नाही. मी उठून दारात जायची. ती शांत पडलेली असायची. परत येऊन बसायची, परत उठायची. माझे कान तर चांगले आहेत. तरी मला तबकडीची एक बाजू बसून ऐकवली नाही. तेव्हा कळलं, दादा, तू रोज दुपारी त्या खुर्चीत काय घेऊन बसायचास.

चौथ्या-पाचव्यांदा दारात गेले तेव्हा वहिनी वैतागली. म्हणाली, बस ना. मी म्हटलं, मला बसवत नाही, तू काही म्हणालीस आणि मला ऐकू आलं नाही तर. तिने विचार केला. मग तिचा चांगला हात, डावा, पालथा होता तो उलटा केला, तळवा वर, आणि माझ्यापुढे धरला.

‘मला दे,’ म्हणाली.

आधी कळलं नाही. मग कळलं. खटका. आपण दोघं भांडलो की खटका असावा की नसावा. तो कोणाच्या हातात असावा हे ना तुला सुचलं ना मला.

काल सकाळी मी मंगळबाजारातून सामान आणलं. तुझी सोल्डरगन चालते अजून. मला ती धरायला तूच शिकवलंस, मी नववीत होते, आई म्हणत होती मुलीच्या हाताला चटका बसेल आणि तू म्हणालास बसू दे, एकदाच बसतो. प्रत्येक फाट्यात रेझिस्टर घातला, बडीशेपेच्या दाण्याएवढे आहेत, दिसतही नाहीत. आवाज जरा कमी होतो हे तुझं खरं आहे. तेवढा अ‍ॅम्प्लिफायरकडे कितीतरी आहे, हे माझं खरं आहे. आता दोन्ही आवाज एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, आणि माइकचं बटण पावच पिळावं लागतं, म्हणून दार उघडं असलं तरी शिट्टी होत नाही. मग माइकच्या तारेत खटका घातला, पलंगाशेजारच्या दिव्याला असतो तसला, अंगठ्याने दाबायचा. तो वहिनीच्या डाव्या हातापाशी उशीला पिनेने लावला. बंद असला की तिची खोली तिची. हवं तेव्हा तिने चालू करायचं. सविताबेनने दोनदा दाबून दाखवला, तिसऱ्यांदा वहिनीने तिला हात लावू दिला नाही, स्वतः दाबला.

दुपारी सविताबेन घरी गेली. मी तीच बाजू लावली आणि बसले. खटका बंद होता. मी स्वतःला सांगितलं की उठायचं नाही, तिच्या हातात आहे, ती सांगेल. कठीण गेलं, पण बसले.

गाणं निम्म्यावर आलं असेल, स्पीकरमध्ये टक् असा आवाज झाला. मी लगेच उठले. पण हाक आली नाही. आधी पंखा ऐकू आला. मग गाणं जरा बदललं, म्हणजे तेच गाणं तिच्या खोलीत जाऊन, भिंतींना लागून, माइकमधून परत आल्यासारखं थोडं मागे, थोडं जाड झालं. मी दारापर्यंत गेले आणि विचारलं, काय हवंय.

ती डोळे मिटून पडली होती. अंगठा खटक्यावर. म्हणाली, ‘काही नाही. तू ऐक.’

मी परत खुर्चीत येऊन बसले. थोड्या वेळाने त्या गाण्यामागे तिचं ते नाकातलं गुणगुणणं सुरू झालं. ओळीच्या मागून, कधी भलत्याच सुरात, मधेच थांबत. बोलताना शब्द सापडत नाहीत, ते तिथे तिला लागतच नव्हते. दोन्ही स्पीकरमधून ती येत होती, फाटत नव्हती, जशीच्या तशी. ती ते तुझ्यासाठी करत होती की स्वतःसाठी, की नुसतीच सवय परत आली होती, मी विचारलं नाही.

बाजू संपेपर्यंत मी हलले नाही. तू असायला हवा होतास, दादा. एवढा एक खटका तिच्या हातात दिला असता तर तुला हे किती दुपारी ऐकायला मिळालं असतं.